खानदेशच्या उन्हात टिकणारा केसांचा रंग

दर ऋतूला केसांची एक नवी शेड येते. वसंतात मधाळ सोनेरी, उन्हाळ्यात वाळूसारखी फिकट, शरदात तांबूस, हिवाळ्यात गडद चॉकलेटी, असं वेळापत्रक मासिकांत आणि रीलमध्ये ठरून जातं आणि थोड्याच दिवसांत ते जळगावच्या रिंगरोडवरच्या, धुळ्याच्या देवपुरातल्या पार्लरपर्यंत पोहोचतं. हौस म्हणून त्यात वावगं काही नाही. अडचण अशी की हे वेळापत्रक युरोप-अमेरिकेच्या हवामानावर बेतलेलं आहे. तिथे उन्हाळ्यात लोक ऊन अंगावर घ्यायला बाहेर पडतात. इथे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी बाजारपेठा ओस पडतात. तिथली उन्हाळी शेड इथल्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत उतरते, आणि दोष मात्र रंगाच्या कंपनीला किंवा पार्लरवाल्या ताईंना दिला जातो. म्हणून या लेखाचं सांगणं एकच आहे. खानदेशात केस रंगवायचे असतील तर शेड पहिल्या दिवशी कशी दिसते यावर निवडू नका. दोन महिन्यांनी उतरल्यावर कशी दिसेल, यावर निवडा. एकदा हे मान्य केलं की कुठला रंग, कोणत्या महिन्यात आणि किती खर्चात, हे प्रश्न बरेचसे आपोआप सुटतात.

हे पटायला रंग केसात कसा बसतो ते आधी समजून घ्यायला हवं. केसावर बाहेरून एकावर एक चढलेल्या पापुद्र्यांचं आवरण असतं आणि नैसर्गिक रंग देणारं मेलॅनिन आतल्या गाभ्यात असतं. कायमस्वरूपी रंगाच्या ट्यूबमधला अमोनिया हे पापुद्रे फुगवून उघडतो. ट्यूबमध्ये मिसळायच्या डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड मेलॅनिनला फिकट करतं आणि त्याच वेळी रंगाचे बारीक रेणू आत शिरून एकमेकांना जोडले जातात, मोठे होतात आणि तिथेच अडकून राहतात. यूजीन श्युलर या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९०७ साली कृत्रिम रसायनांचा केसांचा रंग तयार केला आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. तीच पुढे लॉरिआल झाली. वेष्टनं बदलली, सुवास बदलले, पण कायमस्वरूपी रंगामागचं रसायन मुळात तेच राहिलं आहे. डेव्हलपर १०, २०, ३० आणि ४० व्हॉल्यूमचा मिळतो, म्हणजे त्यात पेरॉक्साइड अनुक्रमे ३, ६, ९ आणि १२ टक्के असतं. १० व्हॉल्यूम रंग नुसता बसवतो. २० व्हॉल्यूम पांढरे केस झाकतो आणि केस एक-दोन नंबरांनी उजळवतो. ३० दोन-तीन नंबर उचलतो, ४० त्याहून जास्त. प्रत्येक पायरी चढताना केसातली प्रथिनं थोडी थोडी तुटतात आणि ती परत जुळत नाहीत, कारण वाढलेला केस मृत असतो. तो स्वतःला दुरुस्त करू शकत नाही.

आता शेड कार्डाकडे वळू. त्यावर १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. आपल्याकडचे बहुतेक केस १ ते ३ नंबरांत बसतात. नंबरानंतरच्या टिंबापुढचा आकडा छटा सांगतो. बऱ्याच कंपन्यांत १ म्हणजे राखाडी, ३ सोनेरी, ४ तांबूस, ५ महोगनी आणि ६ लाल. काळा केस उजळायला लागला की तो थेट सोनेरी होत नाही. आधी लालसर होतो, मग नारिंगी, मग पिवळा आणि शेवटी फिकट पिवळा. प्रत्येक काळ्या केसाच्या पोटात हा लाल-नारिंगी रंग दडलेला असतोच. सध्या तरुण मुलामुलींना हवी असलेली ॲश ग्रे किंवा ॲश ब्लाँड शेड मिळवायची तर केस ब्लीच करून आठ-नऊ नंबरांपर्यंत न्यावे लागतात आणि उरलेला पिवळेपणा निळ्या-जांभळ्या टोनरने दाबावा लागतो. टोनर वरवरचा असतो. तो काही आठवड्यांत धुतला जातो. मग उरतो तो पिवळट-नारिंगी, कोरडा, ब्लीच झालेला केस. रीलमध्ये दिसतो तो पहिला दिवस असतो, आणि बहुधा दिव्यांच्या प्रकाशातला. उरलेले दोन महिने आरशात पाहायचे असतात ते तुम्हाला. याउलट ४ किंवा ५ नंबरचा तपकिरी, महोगनी किंवा तांबूस तपकिरी रंग बहुतेक वेळा ब्लीचशिवाय, २० व्हॉल्यूमवर बसतो. लाल छटा सगळ्यात लवकर उतरतात हे खरं आहे, पण उतरताना त्या केसाच्या पोटातल्या मूळ उबदार रंगाकडेच जातात. त्यामुळे रंग फिका पडला तरी विद्रूप दिसत नाही, उन्हाने थोडा उजळल्यासारखा वाटतो. खानदेशात तपकिरी आणि तांबूस घराण्यातल्या शेड सुचवण्याचं कारण हे आहे. सावळ्या रंगाला फिकट शेड शोभत नाहीत, ही समजूत त्यामागे अजिबात नाही. कुठल्याही त्वचेला कुठलीही शेड शोभवता येते, प्रश्न ती इथे टिकवण्याचा आहे.

यावर तरुण वाचक म्हणतील, मग आम्ही कायम तपकिरीतच राहायचं का, फॅशन करायचीच नाही का? फॅशनला हरकत नाही, पण ती कुठे आणि किती केसांवर करायची याचा विचार हवा. सगळं डोकं ब्लीच करण्यापेक्षा चेहऱ्याभोवतीच्या चार-सहा बटा किंवा खालची टोकं उजळवली तर हौस भागते आणि नुकसान मर्यादित राहतं. बालायाज या फ्रेंच पद्धतीत रंग ब्रशने हाताने ओढला जातो आणि मुळाशी मूळ रंग ठेवला जातो, त्यामुळे केस वाढल्यावर सरळ रेष दिसत नाही आणि दर महिन्याला पार्लर गाठावं लागत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. मुळापासून सगळ्या डोक्यावर केलेल्या फिकट ग्लोबल कलरची काळी रेष सहाव्या आठवड्यात ठसठशीत दिसते. शिवाय तपकिरी म्हणजे मागासलेपण असंही नाही. पॅन्टोन कंपनीने २०२५ या वर्षाचा रंग म्हणून ‘मोका मूस’ हा तपकिरीच निवडला होता.

रंग टिकवायचा तर ऊन हा पहिला शत्रू. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत दुपारचे अतिनील किरण मेलॅनिनलाही सोडत नाहीत. शेतात दिवसभर राबणाऱ्यांच्या केसांची टोकं भुरी होतात ती त्यामुळेच. रंगवलेल्या केसात मेलॅनिन आधीच कमी झालेलं असतं, त्यामुळे ऊन थेट रंगाच्या रेणूंवर आणि प्रथिनांवर पडतं. रंग जपायचा एकच स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे: डोकं झाकणं. स्कूटीवर जाणाऱ्या मुली चेहऱ्याला स्टोल बांधतात, पण वेणी किंवा पोनीटेल पाठीवर मोकळी सोडतात. ती आत घ्या. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा पांढरा बागायती रुमाल हे काम महागड्या सीरमपेक्षा चांगलं करतो.

दुसरा शत्रू पाणी, आणि त्याच्याकडे फारच कमी लोकांचं लक्ष जातं. जळगाव शहराला वाघूर धरणाचं पाणी मिळतं आणि धुळ्याला तापी आणि पांझरेच्या खोऱ्यातलं, पण दोन्ही शहरांत ते रोज येत नाही. मधले दिवस बोअर आणि टँकरवर काढावे लागतात. बोअरचं पाणी बहुधा जड असतं; त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात, केस राठ होतात, शाम्पूला फेस येत नाही आणि रंग मळकट दिसायला लागतो. पाण्यात लोह किंवा तांबं असेल तर रंगवताना पेरॉक्साइडची क्रिया भडकते आणि केस जास्त तुटतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात पाण्याच्या कठीणपणाची, म्हणजे जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि पर्याय नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. तुमच्या सोसायटीने बोअरचं पाणी तपासून घेतलं असेल तर हा आकडा एकदा पाहा. घरच्या घरी पाहायचं तर स्वच्छ बाटलीत पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाका आणि हलवा. फेसाऐवजी पांढरट साका झाला तर पाणी जड आहे. असं असेल तर केस बोअरच्या पाण्याने धुवा, पण शेवटचे दोन तांबे नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचे घ्या. रंगवायच्या दोन-तीन दिवस आधी एकदा क्लॅरिफायिंग शाम्पू लावून क्षार काढून टाका. रंगवल्यावर मात्र तो शाम्पू सारखा वापरू नका, तो क्षारांबरोबर रंगही नेतो. गरम पाण्याने केस धुणं बंद करा. धुळ्याच्या थंडीत, जिथे डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, हे जड जाईल, तरी कोमटच्या पुढे जाऊ नका.

ऊन आणि पाणी लक्षात घेतलं की रंगवण्याचे महिने ठरतात. मोठा बदल, म्हणजे नवी शेड, हायलाइट, बालायाज, करायचा असेल तर कोजागरीनंतर ते संक्रांतीपर्यंतचा काळ इथे सगळ्यात चांगला. ऑक्टोबरची उष्णता ओसरत असते, दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नं याच काळात असतात आणि रंगाला पुढचे दोन-तीन महिने सौम्य ऊन मिळतं. त्यानंतर होळी येते. धुळवड आणि रंगपंचमीचे रंग ब्लीच केलेल्या केसांत इतके घट्ट बसतात की हिरवी किंवा जांभळी झाक महिनाभर जात नाही. हायलाइट केलेल्यांनी आदल्या रात्री खोबरेल तेल लावून, केस बांधून, रुमाल गुंडाळूनच रंग खेळावा. उन्हाळ्यात फक्त मुळांचं टच-अप करा, तेही १० किंवा २० व्हॉल्यूमवर. पावसाळ्यात, कानबाईच्या आणि गुलाबाईच्या दिवसांत, दमटपणाने केस फुगतात. रंगाला त्याचा फारसा त्रास नाही, पण स्मूदनिंग किंवा केराटिन आणि रंग एकाच दिवशी करण्याचा आग्रह या काळात होतो, तो टाळा. दोन्हींत निदान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

आता सगळ्यात रास्त आक्षेप. आमच्याकडे लग्न अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला आहे, त्या दिवसांत लेकी माहेरी येतात, सगळं गोत जमतं, तेव्हाच नटायचं नाही तर कधी? हे खरंच आहे, आणि उन्हाळ्यातलं लग्न कुणी रंगासाठी पुढे ढकलणार नाही. अशा वेळी शेड अधिक गडद निवडा आणि रंग लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी लावून घ्या, आदल्या दिवशी नको. सुरुवातीचा भडकपणा तेवढ्या दिवसांत बसतो, आणि काही बिघडलं तर सुधारायला वेळ राहतो. नवरीने हळदीचा विचार वेगळा करावा. हळदीतलं कर्क्युमिन सच्छिद्र झालेल्या केसाला पिवळं करतं. हळद लावताना हायलाइट केलेले केस तेल लावून अंबाड्यात बांधले आणि वर कापड घेतलं तर हा त्रास टळतो.

इथपर्यंत प्रश्न दिसण्याचा होता. पुढचा प्रश्न जिवाचा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबू. अनेक गडद कायमस्वरूपी रंगांत पॅराफिनिलीनडायअमीन, थोडक्यात पीपीडी, हे रसायन असतं. बऱ्याच लोकांना त्याने काहीच होत नाही. काहींना मात्र त्याची ॲलर्जी जडते, आणि ती एकदा जडली की जन्मभर राहते. टाळू खाजते, पापण्या सुजून डोळे मिटतात, पाणी भरलेले फोड येतात. क्वचित श्वासाला त्रास होतो. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ साली पीपीडीला ‘वर्षाचं ॲलर्जीकारक’ ठरवलं होतं. ही ॲलर्जी पहिल्या वापरात येईलच असं नाही, दहाव्या वापरातही येऊ शकते. म्हणून ‘मी वर्षानुवर्षं हाच रंग लावतो’ हे उत्तर पुरेसं नाही. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत हे स्पष्ट आहे: केसांच्या रंगाच्या पाकिटावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापायचा, कानामागे किंवा कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूला थोडा तयार रंग लावून २४ तास पाहायचं, आणि ही चाचणी दर वेळी रंग लावण्याआधी करायची. त्वचारोगतज्ज्ञ ४८ तास थांबायला सांगतात, कारण काही प्रतिक्रिया उशिरा उमटतात. त्याच पाकिटावर लिहिलेलं असतं की भुवया आणि पापण्या या रंगाने रंगवू नयेत, अंधत्व येऊ शकतं. तरीही भुवया रंगवून मागणारे पुष्कळ आहेत. सुवर्णनगरी जळगावात हॉलमार्क पाहिल्याशिवाय ग्रॅमभर सोनं न घेणारा ग्राहक डोक्याला लावायच्या पाकिटाची मागची बाजू वाचत नाही, ही सवय बदलायला हवी.

यात पुरुषांनी स्वतःला वगळू नये. किराणा दुकानात मिळणारं शाम्पू-रंगाचं छोटं पाउच दर पंधरवड्याला डोक्याला, दाढीला आणि मिशीला लावणारे पुरुष गावोगाव आहेत. त्यातही बहुधा पीपीडीच असतं, आणि ओठांजवळची त्वचा टाळूपेक्षा नाजूक असते. खाज येत असूनही ‘थोडं चालतं’ म्हणून रंग लावत राहणं धोक्याचं आहे. ॲलर्जी दर वेळी वाढत जाते. डोळे सुजले, फोड आले किंवा धाप लागली तर रंग भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. घरगुती लेप लावत दोन दिवस घालवू नका.

मग मेंदी बरी, असं अनेकांना वाटतं. शुद्ध मेंदी खरोखर बरी आहे. तिच्या पानातलं लॉसोन केसाच्या प्रथिनांना चिकटतं, केस उजळत नाही, पांढऱ्या केसाला तांबूस रंग देतं. पण बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुडीचा काळा रंग मेंदीचा नसतो. मेंदीच्या पानाने काळा रंग येतच नाही. तो अनेकदा पीपीडीचाच असतो. लग्नात हातावर काढली जाणारी झटपट काळी मेंदी तर आणखी घातक, कारण त्वचेवर थेट लागलेल्या पीपीडीने लहान मुलींनाही ॲलर्जी जडते आणि पुढे आयुष्यात पहिल्यांदा केस रंगवताना ती उसळते. काही मिश्र मेंदींत धातूंचे क्षारही घातलेले असतात. त्यावर पेरॉक्साइड पडलं तर केस तापतो, जळतो. तेव्हा मागच्या दोन वर्षांत कुठलीही मेंदी किंवा काळा डाय लावला असेल तर पार्लरमध्ये आधी सांगा आणि एका बटेवर करून पाहा. आणखी एक गोष्ट: आधीचा काळा रंग नव्या रंगाने उजळत नाही. काळ्या डायवर तपकिरी ट्यूब लावून पैसे वाया घालवण्यापेक्षा केस वाढू द्यावेत. ‘अमोनिया-फ्री’ या शब्दानेही निर्धास्त होऊ नका. त्यात अमोनियाऐवजी वास न येणारा दुसरा अल्कली असतो. पेरॉक्साइड असतंच, पीपीडी किंवा त्याचा भाऊबंदही असू शकतो.

रंगाने कर्करोग होतो का, हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो, त्याचं उत्तर मोकळेपणाने द्यायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं आहे की स्वतःच्या केसांना रंग लावण्याबाबत निष्कर्ष काढता येईल इतका पुरावा नाही. मात्र वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्या केशकर्तनकारांच्या व्यवसायाला तिने ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलं आहे. म्हणजे चार-सहा महिन्यांनी एकदा खुर्चीत बसणाऱ्यापेक्षा मागे उभ्या असणाऱ्या ताईला आणि दादाला जोखीम जास्त. हातमोजे आणि हवा खेळती ठेवणारा पंखा ही त्यांची गरज आहे. जिथे रंग मिसळताना हातमोजे घातले जातात, बाटलीवरचा नंबर आणि व्हॉल्यूम विचारल्यावर सांगितला जातो आणि ट्यूब तुमच्यासमोर उघडली जाते, ते पार्लर साध्या खुर्च्यांचं असलं तरी भरवशाचं. आयटीआयत बेसिक कॉस्मेटॉलॉजी शिकलेल्या मुली आता छोट्या गावांतही पार्लर चालवतात; महागड्या नावापेक्षा या तीन गोष्टी पाहून निवड करा.

रंगवल्यावरची निगा फार अवघड नाही. आठवड्यातून दोनदाच शाम्पू, त्याच्या आधी रात्रभर खोबरेल. २००३ मध्ये रेले आणि मोहिले या संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना केली, तेव्हा केसातल्या प्रथिनांची गळती फक्त खोबरेलाने कमी झाल्याचं दिसलं. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीचे होते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं. तरी खोबरेलाचे रेणू केसात शिरतात, हे त्या निष्कर्षामागचं पटण्याजोगं कारण आहे. स्ट्रेटनर रोज वापरू नका.

पार्लर छोटं आहे, ॲलर्जीच्या चाचणीला कोण वेळ देणार, असं म्हणू नका. ठिपकाभर रंग लावायला दोन मिनिटं लागतात आणि त्याचे पैसे कुणी मागत नाही. पुढच्या वेळी रंगाची वेळ घ्याल तेव्हा दोन दिवस आधीची आणखी एक वेळ मागून घ्या, कानामागच्या त्या ठिपक्यासाठी. आणि तो ठिपका लावायला नकार देणाऱ्या ठिकाणी केस रंगवू नका.